घर एक, साले अनेक: धारावी बेटावरच्या शेतघरांविषयी दोन मते

उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र यांच्यामध्ये धारावी बेट आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. बेटाच्या उत्तर भागातली उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही गावे मीरा-भाईंदर महापालिकेत येतात. दक्षिणेकडची गोराई आणि मनोरी मुंबईत. किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती, आतल्या अंगाला भातशेती करणाऱ्यांची. दोन्हीकडे ख्रिस्ती घरे मोठ्या संख्येने आहेत. मराठीची बोली घरात बोलणाऱ्या या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

या गावांतल्या जुन्या शेतघराचा ढाचा ओळखायला सोपा आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर जाड भिंती आणि वर उतरते छप्पर. समोरचे अंगण सुगीत मळणीचे खळे होई. दोन-तीन पायऱ्या चढून ओटा, मग ओटी, तिच्यामागे माजघर, त्याच्या बाजूला एक-दोन अंधाऱ्या खोल्या, शेवटी रांधण आणि परसात विहीर. माजघरावर फळ्यांचा माळा; भात आणि सुकी मासळी तिथे चढत असे. ओटीच्या किंवा माजघराच्या भिंतीत क्रुसाची वेदी. एका अंगाने छप्पर खाली उतरवून केलेली पडवी, तिच्यात बैल.

हा ढाचा जसाच्या तसा उभा असलेले घर मात्र आता शोधावे लागते. कुठे पडवीची भाड्याची खोली झालेली असते, कुठे ओट्याला लोखंडी जाळी बसलेली, कुठे कौलांच्या जागी स्लॅब आलेला. या बदलांकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक वास्तुशास्त्र शिकून, मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्या अभ्यासकाची. दुसरी तीच घरे पिढ्यान्‌पिढ्या उकलणाऱ्या आणि बांधणाऱ्या मिस्त्रीची. पुढचा संवाद या दोन भूमिकांचा आहे, कोणा दोन खऱ्या माणसांचा नव्हे. यातली अभ्यासक तरुण आहे, मिस्त्री वयाने मोठा. म्हणून ती त्याला काका म्हणते आणि तो तिला बाय.

अभ्यासक: काका, पुढची जाळी, वरचा पत्रा आणि बाजूची सिमेंटची खोली एवढं काढलं, तर मूळ घर अजून शाबूत आहे. ते वाचवायला हवं.

मिस्त्री: मूळ म्हणजे कुठलं, बाय? जोत्याचा दगड एका काळातला, त्यावरची भिंत दुसऱ्या काळातली, वासे त्यानंतरचे आणि कौलं त्याच्याही नंतरची. माझ्या बापानं त्यात खिडकी फोडली, मी मोरी केली. कुठल्या सालापर्यंत मागं जायचं, तेवढं सांग.

मिस्त्रीचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, म्हणून ही साले क्रमाने पाहणे भाग आहे.

सर्वांत जुना थर आज डोळ्यांना दिसत नाही. उत्तर कोकणातल्या सामान्य शेतकऱ्याचे घर शतकानुशतके कुडाचे होते: लाकडी मेढी, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांची भिंत, तिला माती-शेणाचा लेप आणि वर पेंढा किंवा झावळ्या. असे घर दर दोन-चार पावसाळ्यांनी नवे होई. त्याचे लाकूड-काठी उरत नाही. उरते ती खोल्यांची मांडणी. दगडी जोत्यावरच्या पक्क्या घरातही ओटा, माजघर, रांधण ही रांग तशीच राहिली, कारण ती घरातल्या कामांनी ठरवलेली होती.

दगड-चुन्याचे काम या भागात मोठ्या प्रमाणावर आले ते पोर्तुगीज काळात. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि पुढची दोनशे वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. किल्ले, चर्चे आणि जमीनदारांची घरे यांसाठी दगड फोडणारे आणि चुना भाजणारे कारागीर इथे तयार झाले. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून गेलेला आहे. पण शेतकऱ्याचे घर त्यामुळे लगेच दगडी झाले असे मानण्याचे कारण नाही. कर भरणाऱ्या कुळाजवळ चुन्याचे पैसे नसत. चर्चच्या कामावर मजुरीने शिकलेली कला स्वतःच्या भिंतीत उतरायला बराच काळ गेला.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत धारावीचा किल्ला आणि नंतर वसई मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. राजवटी बदलल्या, पण घराच्या बांधणीत त्याची खूण शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. घर खरे बदलले ते रेल्वे, कौल आणि सिमेंट या तीन गोष्टींनी.

अभ्यासक: मग घराचं वय छपरावरून काढायचं का? एका घरमालकानं मला कौल उलटं करून दाखवलं. त्यावर १८६५ असं साल कोरलेलं होतं. ‘आमचं घर १८६५ चं’, असं तो सांगत होता.

मिस्त्री: तो चांगला माणूस, पण कौल खोटं बोलतं.

अभ्यासक: खोटं नाही बोलत, दुसरंच सांगतं. १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशननं कारखाना सुरू केला ते साल आहे. कारखान्याचा तो शिक्का नंतरच्या कितीतरी कौलांवर आहे. आल्बुकर्क कंपनीच्या कौलांवर १८६८ असतं, तेही तसंच.

ही चूक सगळ्या कोकणात होते, म्हणून ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. शिक्क्यावरून वय काढायचेच असेल, तर साल सोडून नाव पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचा धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. त्या नावाचे कौल असेल, तर ते छप्पर त्यानंतरचेच. आणि छपराचे वय म्हणजे भिंतीचे वय नव्हे.

मंगळुरी कौलाने घराचा वरचा अर्धा भाग बदलला, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. त्याआधीचे कौल म्हणजे कुंभाराने चाकावर घडवून उभे चिरलेले नळीचे कौल. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, असे दुहेरी थर. त्याला खिळा नाही की खाच नाही. नुसत्या वजनावर आणि उतारावर ते बसते. वाऱ्याने, मांजराने, माकडाने सरकते. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी सगळे छप्पर चाळून घ्यावे लागे: फुटकी कौले काढायची, नवी घालायची, केर झाडायचा. खालचे लाकूड गोल, वाकडेतिकडे असले तरी चाले. बांबू, सुपारी, ताड काहीही चाले, कारण कौल स्वतःच प्रत्येक उंचसखल जागेशी जुळवून घेई.

मंगळुरी कौल साच्यातले. त्याच्या कडांना खाचा असतात, एक कौल दुसऱ्यात अडकते, म्हणून एकच थर पुरतो. छप्पर हलके होते आणि दरवर्षी चाळावे लागत नाही. मात्र या कौलाला सरळ रेषा लागते. रिपा ठरावीक अंतरावर आणि एका पातळीत हव्यात, नाहीतर कौल बसतच नाही. मंगळूरहून ही कौले गलबतांनी मुंबईला येत. पुढे गुजरातेत मोरबीलाही त्याच साच्याची होऊ लागली. कौल बदलले, की वासे बदलावे लागले. त्यासाठी करवतीने कापलेले चौकोनी लाकूड आले. मुंबई बंदरात उतरणारा बर्मा साग तेव्हा सहज मिळे. १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत बीबीसीआय रेल्वे सुरू झाली होती आणि भाईंदर त्या मार्गावर होते, त्यामुळे मुंबईतले सामान आणि पगार दोन्ही गावापर्यंत पोहोचू लागले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो साग यायचा थांबला. घराच्या तुळया त्या सागाच्या असतील, तर त्या या तारखेच्या अलीकडच्या असण्याची शक्यता कमी.

मिस्त्री: म्हणजे आज तू ज्याला मूळ छप्पर म्हणतेस, तेच त्या काळचं नवं सामान होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी तेव्हाही म्हटलं असेल, नळीची कौलं काढून हे काय फॅक्टरीचं घालताय.

अभ्यासक: म्हटलं असेल. पण त्या बदलात भिंत तशीच राहिली आणि जुन्या तुळईवरच्या जुन्या खाचा अजून दिसतात. आधी कुठला वासा कुठे होता, हे आजही वाचता येतं. तुम्ही स्लॅब घातलात की काय वाचायचं?

वादाची खरी गाठ इथे आहे. बदल किती झाले यावर दोघांचे भांडण नाही. एक बदल घरात मावला आणि दुसऱ्याने घर संपवले, हा भेद कशावरून करायचा, हा प्रश्न आहे.

अभ्यासकाच्या भूमिकेमागे इंग्लंडची मोठी परंपरा आहे. तिथल्या खेड्यांतली जुनी शेतघरे असेच थर घेऊन उभी आहेत. मध्ययुगात मधोमध उघडी चूल असलेला आणि छपरापर्यंत मोकळा असा एक मोठा दिवाणखाना. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यात विटांचे धुराडे आणि मधला मजला आला. अठराव्या शतकात लाकडी सांगाड्यासमोर विटांची नवी दर्शनी भिंत उभी राहिली. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली मांडले, की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडमध्ये घरे नव्याने बांधण्याची आणि बदलण्याची एक मोठी लाटच आली होती. तिथे ओकच्या तुळईतल्या वलयांवरून झाड कोणत्या हिवाळ्यात तोडले हे सांगता येते. कधीकधी एकोणिसाव्या शतकातले छत काढल्यावर वर मध्ययुगीन चुलीच्या धुराने काळे पडलेले वासे सापडतात.

विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये ऑक्सफर्डशरमधले केल्मस्कॉट हे घर भाड्याने घेतले, तेही असेच. साधारण १६०० च्या सुमाराचे शेतकऱ्याचे घर, त्याला त्याच शतकात जोडलेला आणखी एक भाग. त्या काळी चर्चे ‘मूळ रूपात’ आणण्याची टूम होती. गॉथिक काळानंतरचे सगळे खरवडून काढले जाई. मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली ती त्या खरवडण्याविरुद्ध. त्याचे म्हणणे, प्रत्येक काळाने घातलेली भर ही इमारतीचा भाग आहे. गळती थांबवा, भिंतीला टेकू द्या, पण मागच्या काळाची नक्कल करू नका.

मिस्त्री: मग तुझा तो इंग्रज माझ्याच बाजूचा की! मघाशी तूच सगळं काढून मूळ घर दाखवायचं म्हणत होतीस.

अभ्यासक: अर्धा तुमच्या बाजूचा. तो काढून टाकू देणार नाही, पण तुम्हाला पाडूही देणार नाही. इंग्लंडमध्ये १९४७ पासून अशा घरांची सरकारी यादी आहे. यादीत घर आलं, की आतलं दार हलवायलाही परवानगी लागते.

मिस्त्री: आणि खर्च कोण देतं? तिथला शेतकरी की सरकार?

अभ्यासक: बहुतेक वेळा मालकच. पण तिथं असं घर विकलं तर त्याच्या वयालाही किंमत मिळते. इथं किंमत फक्त खालच्या जमिनीला मिळते.

ही शेवटची गोष्ट अभ्यासकाने मान्य केली, आणि तिच्यामुळे इंग्लंडचा दाखला अर्धाच लागू पडतो. धारावी बेटावरच्या शेतघरात ज्याने भात पिकवले त्याचाच नातू राहतो. शेती थांबली, बैल गेले आणि पडवी रिकामी झाली. तिला भाडेकरू मिळतो, तर ती गोठा म्हणून का ठेवावी? भाताचे कणगे गेले म्हणून माळा झोपायला घेतला, तर त्याला खिडकी हवी. घरात संडास नव्हता. तो रांधणाच्या मागे बांधला. हे बदल घरात माणसे राहतात म्हणून झाले.

आणखी एक कारण कमी बोलले जाते. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखाच हिस्सा मिळतो. न्याय्य तरतूद, मात्र घराच्या नकाशावर तिचा परिणाम उमटतो. चार वारसांत माजघर वाटले जाते. मध्ये भिंत येते, दुसरी चूल येते, ओट्याला दोन जिने होतात. वाटणीत एका भावाच्या वाट्याचे छप्पर स्लॅबचे होते आणि दुसऱ्याच्या वाट्याचे कौलारू राहते. मग एकाच आढ्याच्या दोन बाजूंना दोन शतके असतात आणि पावसाचे पाणी नेमके त्यांच्या सांध्यातून आत येते. या सांध्याची तक्रार प्रत्येक गावठाणात ऐकू येते आणि त्यावर पत्र्याची पन्हळ सोडली तर खात्रीचा उपाय कोणाकडेच नाही.

मिस्त्री: आता स्लॅबचं बोल. चुलीचा धूर बंद झाला आणि गॅस आला, तेव्हापासून वाशांना कीड लागायला लागली. आधी धूर माळ्यातून वर जायचा, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. वासे काळे व्हायचे, पण वाळवी लागत नसे. आता दर वर्षी दोन-चार वासे बदला. सागाचा भाव काय झालाय माहितीय? कौलं चाळणारा माणूस मिळत नाही. मालक म्हणतो, मिस्त्री, एकदाचा स्लॅब टाका. मी त्याला नाही कसं म्हणू?

अभ्यासक: धुराचं खरं आहे. पण काका, समुद्राजवळचा स्लॅब किती वर्षं टिकतो?

मिस्त्री: (थोडं थांबून) चांगला केला तर टिकतो.

अभ्यासक: आणि खाडीची रेती न धुता वापरली तर?

या प्रश्नाला मिस्त्रीकडे उत्तर नाही असे नाही. ते द्यायला त्याला आवडत नाही. काँक्रीटमधली सळई सिमेंटच्या अल्कलीमुळे सुरक्षित असते. खारट वारा, खारट पाणी किंवा न धुतलेली खाडीची रेती यांतून क्लोराइड आत गेले, की ते संरक्षण जाते आणि सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि खालचे पोपडे सळईसकट गळू लागतात. सळईवर काँक्रीटचे पुरेसे जाड आवरण, धुतलेली रेती आणि घट्ट कुटलेले मिश्रण असेल तर स्लॅब समुद्राजवळही टिकतो. गावात घाईने टाकलेल्या स्लॅबला हे तिन्ही क्वचित मिळते. कौलारू छपराला दर वर्षी थोडा खर्च. स्लॅबला बरीच वर्षे काहीच नाही आणि मग सगळा एकदम.

भिंतीचे गणित याहूनही सूक्ष्म आहे. जुनी भिंत दगडाची; तिच्यात चुना किंवा नुसती माती. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत; तो महिनोन्‌महिने भिजवून घाणीत दळत आणि त्यात गूळ किंवा बेलफळाचे पाणी घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही वाफ बाहेर सोडतो. पावसाळ्यात जोत्यातून ओल भिंतीत चढते आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती चुन्याच्या गिलाव्यातून निघून जाते. त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, की ओल आतच अडकते. तिला बाहेरची वाट नसते, म्हणून ती आणखी वर चढते. कमरेपर्यंतची ओल डोक्यापर्यंत येते. मग मालक म्हणतो गिलावा कच्चा होता, पुन्हा सिमेंट लावतो आणि ओल आणखी वर जाते.

अभ्यासकाला हे कोणत्याही जुन्या घरात खिशातल्या किल्लीने दाखवता येते. सिमेंटच्या गिलाव्यावर किल्ली ठोठावली की पोकळ आवाज येतो. तिथे भिंत आणि गिलावा वेगळे झालेले असतात. तुकडा उचकटला तर मागची माती हाताला गार आणि ओली लागते आणि दगडाच्या सांध्यांत पांढरे मीठ साचलेले दिसते. त्याच भिंतीत वेदीच्या मागे, जिथे कोणी सिमेंट लावायचे धाडस केले नाही तिथे, जुना चुना अजून कोरडा असतो.

मिस्त्री: हे मी मानतो. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीवर लावू नये. आमच्या आजोबांना माहीत होतं. पण चुना दळणारी घाणी आता कुठं आहे? गावात चुना मागितला तर पानवाल्याकडे मिळेल.

अभ्यासक: भाजलेला चुना अजूनही मिळतो, काका. भिजवून ठेवायला महिना लागतो, तो महिना कोणी देत नाही.

मिस्त्री: महिना मी देईन. मालक देणार नाही. त्याला सणाच्या आधी घर हवं असतं.

सिमेंट मात्र सरसकट शत्रू नव्हते. भारतात पोर्टलँड सिमेंट टिकाऊपणे बनू लागले ते १९१४ मध्ये पोरबंदरला; १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र होऊन एसीसी झाली. सिमेंटने दिलेली पहिली चांगली गोष्ट म्हणजे नक्षीची लादी. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स निघाली आणि शेणाच्या सारवणाच्या जागी ओटीवर रंगीत, फुलांच्या नक्षीच्या लाद्या आल्या. त्या आज जुन्या घराची शान समजल्या जातात. मिस्त्रीच्या दृष्टीने हा अभ्यासकाच्या भूमिकेतला विरोधाभास आहे. १९३० सालची सिमेंटची लादी वारसा, मग १९८० सालचा सिमेंटचा स्लॅब का नाही? प्रश्न चांगला आहे आणि ‘लादी सुंदर आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. जुन्या लादीखाली जमीन तशीच राहते. लादी उचलता येते, दुसरी घालता येते, भिंतीला धक्का लागत नाही. स्लॅबसाठी छप्पर उतरवावे लागते, वासे विकले जातात, भिंतींना खांब जोडावे लागतात, आणि पुढे तो काढायचा म्हटले तर भिंत त्याच्यासोबत येते. बदल मागे घेता येतो का, एवढी एकच कसोटी दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखी आहे. तिने पाहिले तर मंगळुरी कौल, लादी, ओट्याची जाळी, पडवीतली खोली हे सगळे माफ आहे. सिमेंटचा गिलावा आणि स्लॅब नाही.

अभ्यासक: मग जाळीबद्दल माझी तक्रार सोडते.

मिस्त्री: सोडू नकोस. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला बाया वाजतगाजत निघतात, तेव्हा ओट्यावर बसायला जागा नसते. जाळी लावली तेव्हा मीच मालकाला म्हणालो होतो, एक बाजू उघडणारी ठेव.

कायद्याची मदत फारशी नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंचे नियम आहेत, पण ते मुंबई महापालिकेच्या हद्दीत. म्हणून बेटावर गोराई ओलांडून उत्तनच्या हद्दीत शिरले, की नियम बदलतो. मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महापालिका २००२ मध्ये. बेटावरची गावे तिच्यात आली तेव्हा शहराचे लक्ष भाईंदर आणि मीरा रोडच्या इमारतींकडे होते. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा यादीची तरतूद आहे, पण यादीत नाव नसलेल्या घराला तिचा उपयोग नाही. किनाऱ्याजवळच्या घरांना १९९१ पासून किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. तिने नव्या बांधकामावर बंधने घातली, तरी आहे त्या जोत्यावर दुरुस्तीला वाव ठेवला. या अधिसूचनेने नकळत काही जुनी घरे वाचवली, हे अभ्यासक मान्य करते. तिच्यामुळे वाढत्या कुटुंबाला खोली वाढवता आली नाही, हे मिस्त्री ऐकवतो. दोन्ही खरे आहे.

यादी झाली तर घर वाचेल ही समजूतही तपासून पाहावी. गिरगावातली खोताची वाडी मुंबईच्या नियमांच्या हद्दीत असूनही तिथल्या ६५ जुन्या घरांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. यादी पाडणे लांबवते. दुरुस्तीचा खर्च ती देत नाही. मिस्त्रीचे म्हणणे इथे जड ठरते: चुना दळणारा, वासा जोडणारा आणि कौल चाळणारा माणूस गावात असेल तर यादीशिवायही घर टिकते, तो नसेल तर यादीसकट पडते.

अभ्यासकाचेही एक म्हणणे तितकेच जड आहे. इंग्लंडमधल्या शेतघराचे थर वाचता येतात, कारण दीडशे वर्षे कोणीतरी त्यांची मोजमापे घेऊन ठेवली. धारावी बेटावरची घरे मोजल्याशिवाय उतरवली जातात. उतरवलेला साग भंगारवाल्याच्या टेम्पोतून जुन्या फर्निचरच्या बाजारात जातो, आणि त्याच्यावरच्या खाचांनी सांगितले असते ते कायमचे जाते.

म्हणून उत्तन, डोंगरी, तारोडी किंवा राई-मुर्ध्याच्या ज्या वाचकाचे घर येत्या उन्हाळ्यात उकलायचे आहे, त्याने मिस्त्री येण्याआधी एवढे करावे. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी-उंची कागदावर मांडावी. प्रत्येक भिंतीचे, आढ्याचे, तुळईच्या टोकांचे आणि कौलाच्या पाठीवरच्या शिक्क्याचे फोटो काढावेत. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून कोणता भाग कोणी आणि केव्हा केला ते त्या कागदावर लिहावे. कागदाची एक प्रत आपल्या चर्चच्या किंवा गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि निदान जुन्या दगडी भिंतीला तरी सिमेंट लावू नये.